मदत हवी आहे: 'स्पायडर-मॅन ३' मधला सँडमॅन

नमस्कार मंडळी. रविवारी भाचीबरोबर सॅम रायमीचा 'स्पायडर-मॅन ३' (२००७) पुन्हा पाहिला. वाळूच्या ढिगातून फ्लिंट मार्को, म्हणजे अंगाची वाळू झालेला खलनायक सँडमॅन, उठतो, मुलीचा फोटो असलेलं लॉकेट उचलायला जातो आणि बोटंच भुरभुरून गळतात. मार्कोच्या तोंडातून शब्द नाही, पण भाची चक्क माझा हात धरून बसली होती. थॉमस हेडन चर्चने कमाल केलीय.

मात्र त्याच सिनेमात व्हेनम हा दुसरा खलनायक आहे, स्पायडर-मॅनचा सूडाने पेटलेला मित्र हॅरीही आहे. एवढ्या गर्दीत मार्कोची आजारी मुलगी मागेच पडते. त्यात स्पायडर-मॅनच्या काकांच्या, म्हणजे अंकल बेनच्या, खुनाशी त्याचा संबंध जोडलाय, ते मला अजिबात पटलं नाही. आधीच्या भागात एकट्या डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाला केवढी जागा मिळाली होती!

आता भाचीला मूळ कॉमिक्स वाचायचीत. सँडमॅन १९६३ साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या चौथ्या अंकात आला, एवढं ठाऊक आहे. पण त्याची माणूस म्हणून घालमेल दाखवणाऱ्या कथा कोणत्या? अकरा वर्षांच्या मुलीला झेपतील अशाच सुचवा. आणि या सिनेमाची २०१७ साली आलेली 'एडिटर्स कट' (वेगळं संकलन केलेली) आवृत्ती कुणी पाहिलीय का? त्यात हा लॉकेटचा प्रसंग जसाच्या तसा आहे ना?