रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? .३२ च्या काडतुसांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगडच्या बाजूला आंब्याच्या कलमांत, वाडीपासून लांब. रात्री घरात मी, आई आणि धाकटी मुलगी. बाबांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं. आता माझा परवाना मंजूर झालाय, पण तेच ठेवावं की .३२ पिस्तूल घ्यावं, ठरत नाही. (९ एमएम आपल्याला बंदच, ते सुचवू नका.)

माझ्या वाचनाप्रमाणे रिव्हॉल्व्हरची गोळी ९८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), शिशाची, संथ. पिस्तुलाची ७१ ग्रेनची, तांब्याचं कवच असलेली, वेगवान. दोन्ही तशा कमी ताकदीच्याच. मग दार फोडून कोणी आत आलाच तर भरवशाची कोणती?

खरी काळजी वेगळीच आहे. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, पण माजघर आणि मुलीची खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत. कवचाची गोळी फळी भेदून पलीकडे जाईल ना? शिशाची तरी थांबते का?

आणखी एक. बाबांच्या डबीतल्या काडतुसांची पितळ पावसाळी दमटपणाने हिरवी पडलीय, बोटाला पूड लागते. ती वापरणार नाहीच, पण जमा कुठे करायची? आणि नवी कशी जपता?

ज्यांनी ही दोन्ही शस्त्रं नेमबाजीच्या रेंजवर चालवलीत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.