मदत हवी आहे: वेडेलिया मधूनच बोडका झालाय, किती खाली छाटू?

नमस्कार मंडळी. कुंपणालगतच्या उतारावर माती धरून ठेवायला वेडेलिया लावलाय, तोच पिवळ्या फुलांचा, जमिनीवर पसरणारा. कडेने जोमात आहे, पण मधला भाग विरळ झालाय. पानं बाजूला केली की खाली नुसत्या तपकिरी, कडक काड्या, पाला सगळा टोकाला. ऊन भरपूर, पाणी साचत नाही, कीडही दिसली नाही. म्हणजे जून झालाय, असा माझा अंदाज.

सरसकट जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटला तर नीट फुटेल ना? की अर्धा आता, अर्धा नंतर? पाऊस तोंडावर असताना उतार उघडा पडायला नको. शेणखत छाटणीनंतर लगेच घालावं की फुटवे दिसल्यावर? युरिया नकोच, नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

दुसरं म्हणजे हा जास्वंदीच्या बुंध्यात घुसतोय. पेरापेरातून मुळं सोडतो, ओढला की तुकडा मातीत राहतो आणि तिथूनच पुन्हा हजर! जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत याचं नाव उगाच नाही. कडेला पत्रा किंवा विटा पुरून कोणी अडवलाय का? मला वाटतं, खरा त्रास वरून पळणाऱ्या फांद्यांचा आहे, त्यामुळे छोटा चर ठेवून वरचेवर कड कापणंच बरं पडेल का?

आणि छाटलेल्या फांद्या कंपोस्टमध्ये टाकता का? मला तरी धीर होत नाही. तणनाशक सुचवू नका, प्लीज.