पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या धाकाने देश सोडू नका

टोरेन्सकाठ

माझा एक जुना सहकारी चाकणला आहे. वय ४४, ऑक्टोबरात ४५ पूर्ण होतील. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "ऑस्ट्रेलियाचं दार बंद व्हायच्या आत शिरायचंय, काय काय करू ते सांग." तासभर बोललो. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतोय, कारण या वयात याच घाईत असलेले आणखी बरेच जण असणार.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या कुशल व्हिसाला गुण मोजतात. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५. व्हिसाच्या अर्जाचं आमंत्रण येईल त्या दिवशी तुम्ही पंचेचाळिशीच्या आत असायला हवं, नाहीतर विषय संपला. किमान ६५ गुण लागतात, पण तो नुसता उंबरठा. आमंत्रणं बहुतेक त्याच्या बरीच वर जातात. माझे असे जमले: वयाचे १५, इंग्रजीचे २०, पदवीचे १५, अनुभवाचे १५, बायकोच्या इंग्रजीचे ५ आणि राज्याने छोट्या शहरांसाठीचं, म्हणजे ४९१ क्रमांकाच्या व्हिसाचं नामांकन दिलं त्याचे १५. एकूण ८५. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, बायको आणि तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन ॲडलेडला उतरलो.

माझं सगळं आयुष्य गाड्यांच्या सुट्या भागांत गेलेलं. १९ वर्षं भोसरी आणि चाकण. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाला तीन मोठे प्रकल्प-निबंध लिहून पाठवले, त्यांनी मला रीतसर इंजिनिअर म्हणून मान्य केलं. धंदा यादीत होता, कागद पक्के होते. आणि ज्या शहरात आलो तिथला होल्डनचा कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्येच बंद झालेला! फोर्ड २०१६ ला गेली, टोयोटा २०१७ ला. अख्ख्या देशात मोटारगाडी बनवणारा एकही मोठा कारखाना उरला नव्हता. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण वाढदिवस जवळ येत होता आणि डोकं फक्त गुण मोजत होतं. ॲडलेडच्याच ऑस्बर्नला जहाजबांधणीत इंजिनिअर हवे असतात, पण संरक्षणाच्या कामाला सुरक्षा मंजुरी लागते आणि ती मिळायला नागरिक असावं लागतं.

पहिले ११ महिने गोदामात काढले, रात्रपाळी. मनगटाला स्कॅनर बांधलेला, दर तासाला किती खोकी उचलली त्याचा आकडा पडद्यावर. जुलैत शटर उघडं असायचं, बोटं बधिर व्हायची, स्कॅनरचं बटण अंगठ्याने दाबलं जायचं नाही म्हणून मी ते हाडाने दाबायचो. कामाची मला लाज नव्हती. मला खात होतं ते वेगळंच: लाइनवर गाडीच्या दाराचं बिजागर नुसत्या आवाजावरून कुठे चुकतंय ते मी सांगायचो, आणि ते ज्ञान इथे कुणाला नकोच होतं. पंचविशीत माणूस धंदा बदलतो. त्रेचाळिशीत माणसाची सगळी किंमत त्या धंद्यातच साठलेली असते.

बायको चिंचवडला १६ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होती. इथे शिक्षक व्हायला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्या-बोलण्यात प्रत्येकी ८ लागतात. बोलण्यात दोनदा साडेसात आले. आता ती पाळणाघरात आहे.

आज मी पॅकेजिंगच्या कारखान्यात देखभालीचं नियोजन बघतो, पोट भरतं, घर आहे. रडगाणं गात नाहीये. माझं म्हणणं एवढंच की ४५ ची तारीख हे जायचं कारण होऊ शकत नाही. तुमच्या धंद्याला तिथे खरोखर दार आहे का हे सहा महिने घालवून बघा, आणि त्यात वाढदिवस उलटला तर उलटू द्या.

डोंबिवली_ते_पर्थ

दादा, कळकळ पोचली, पण सल्ला पटला नाही. तुमचा धंदा तिथे नव्हता, म्हणून चाळिशीत कुणीच घाई करू नये, हे कसं?

मी परिचारिका. ४१ व्या वर्षी निघाले. मुंबईत १८ वर्षं वॉर्डात काढली. रात्री एकटीकडे इतके पेशंट असायचे की सलाईन संपलेल्याच्या नातेवाइकाने हाक मारली तरच कळायचं. इथे नोंदणीसाठी आधी एनसीएलईएक्स ही संगणकावरची परीक्षा, मग ओएससीई ही प्रात्यक्षिकाची. ती मी तुमच्याच ॲडलेडला दिली. डोंबिवलीच्या घरात पलंगावर लोड ठेवायचे, त्याला "गुड मॉर्निंग, माय नेम इज" म्हणायचं, हात धुतल्याचा अभिनय करायचा, मनगटपट्टी तपासायची. मुलगा घड्याळ लावून बसायचा. पहिल्यांदा नापास झाले, कारण औषध देताना ॲलर्जी विचारली पण तोंडाने मोठ्याने म्हटली नाही. दुसऱ्यांदा पास.

घाई होती म्हणूनच हे झालं. तारीख नसती तर मी "पुढच्या वर्षी बघू" करत पन्नाशी गाठली असती. आमच्यासारख्या बायकांना कुणी मोकळा वेळ देत नाही, तारीखच मिळवून देते.

टोरेन्सकाठ

ताई, तुमचं काम दोन्हीकडे तेच आहे. नाडी तिथेही मनगटालाच लागते. ज्यांचा धंदा असा सोबत येतो त्यांनी जरूर जावं, हे मी वर स्पष्ट लिहायला हवं होतं. चूक मान्य.

भोसरीचा_बापू

मीच तो ऑक्टोबरवाला नाही, पण माझीही गत तीच. नोव्हेंबरात ४५.

दादा, तुम्ही म्हणता तिथे तुमच्या ज्ञानाची किंमत नव्हती. इथे किती दिवस राहणार आहे ते सांगा. आमच्या कंपनीत इंजिनचे भाग होतात. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, एक्झॉस्ट नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे पंचेचाळिशीपुढच्या लोकांना बोलावून 'स्वेच्छेने' लिहून घेतलंय. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने २२ वर्षांचा डबा पिशवीत घातला आणि गेला. त्यानंतर तो नोकरीसाठी जिथे जिथे गेला तिथे मुलाखत घेणारा तिशीतला, आणि पहिला प्रश्न, "सर, इतक्या सीनियर माणसाला आम्ही कुठे बसवणार?"

म्हणजे ४५ ची रेघ फक्त ऑस्ट्रेलियाने ओढलेली नाही. त्यांनी निदान ती कागदावर छापली. मी गोदामात खोकी उचलायला तयार आहे, कारण इथे मला ती उचलायलाही कुणी घेणार नाही.

मिसिसागाकर

एक दुरुस्ती. कॅनडात ४५ ला दार बंद होत नाही. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंत, मग दरवर्षी उतरत उतरत ४५ ला शून्य. अर्ज करता येतो, पण बाकीच्या गुणांवर तग धरावा लागतो. त्यात मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही काढून टाकले. फ्रेंच चांगलं येत असेल तर गोष्ट वेगळी. चाळिशीत नवी भाषा शिकायची तयारी असेल तर गुणांच्या हिशेबात तिचा चांगला उपयोग होतो.

धाकटा_सांगलीचा

तुम्ही सगळे गुण मोजताय. मागे राहणाऱ्याचे गुण कोण मोजतो?

माझा मोठा भाऊ ४२ व्या वर्षी मेलबर्नला गेला. तेव्हा आई सत्तरीची होती. तरुणपणी जाणाऱ्याचे आई-वडील पन्नाशी-पंचावन्नचे असतात, धडधाकट असतात, चार वेळा जाऊन येतात. चाळिशीत जाणाऱ्याचे आई-वडील नेमके पडायच्या वयात असतात. आई दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी. भाऊ व्हिडिओवर डॉक्टरांना प्रश्न विचारत होता, चांगले अभ्यासू प्रश्न, आणि फोन धरून माझा हात दुखत होता. पैसे त्याने पाठवले, सगळे पाठवले, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री तीनला बेडपॅन द्यायला पैसे उठत नाहीत.

आईला तिकडे न्यावं म्हटलं तर निम्मी मुलं तिथे कायमची असावीत ही अट. आम्ही दोघेच, म्हणून ती पुरी होते. पण पैसे भरून लवकरचा म्हणतात त्या व्हिसाला माणशी सुमारे ४८ हजार डॉलर आणि तरी दहा वर्षांहून मोठी रांग. स्वस्तातल्या रांगेला तीस वर्षांच्या वर. आई आज ७४ ची आहे.

धाग्यात इतक्या जणांनी लिहिलं, मुलाचा उल्लेख आला, बायकोचा आला. आई-बापाचा एकाच्याही लेखात नाही.

डोंबिवली_ते_पर्थ

सांगलीकर, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि वाचून गलबलून आलं. फक्त एक सांगते. माझ्या सासूबाईंचं सगळं मी केलं, नोकरी सांभाळून, अकरा वर्षं. दोन दीर पुण्यातच होते, तीन तासांवर. जवळ असणं आणि करणं यांत फार अंतर असतं. बाहेर गेलेल्यालाच का धरायचं?

धाकटा_सांगलीचा

पुण्यातले दीर बोलावलं तर तीन तासांत येऊ शकत होते, ताई. आले नाहीत हा त्यांचा दोष. माझा भाऊ मनात असूनही येऊ शकत नाही. तीस तास लागतात. हाच तर मुद्दा आहे.

होबार्टची_पोरगी

मी १९ वर्षांची आहे, मराठी लिहायला वेळ लागतो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. २०२२ मध्ये बाबा ४४ चे आणि मी १५ ची होते तेव्हा आलो. इथे मोठ्यांनी एक गोष्ट लिहिलेलीच नाही म्हणून लिहितेय.

४९१ हा तात्पुरता व्हिसा आहे. कायमच्या व्हिसाचा अर्ज तीन वर्षांनी करता येतो. माझी बारावी २०२४ ला झाली, तेव्हा आमचं कायमचं झालं नव्हतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलांना विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याची फी. बाबांना हे माहीत नव्हतं. मी एक वर्ष थांबले, सुपरमार्केटमध्ये भाजीच्या विभागात. माझ्या वर्गातले सगळे पुढे गेले. कायमचं झाल्यावर सरकारी अनुदानाची जागा मिळते, पण नागरिक होईपर्यंत फीसाठी शिक्षण-कर्ज मिळत नाही, पैसे आधी भरावे लागतात. १४-१५ वर्षांची मुलं असणाऱ्यांनी हा हिशेब बोटांवर मोजून बघा: मूल १८ चं होईल तेव्हा तुमच्या हातात कोणता व्हिसा असेल?

आणि अजून एक. "मुलांसाठी आलो" हे आम्हाला ऐकवू नका. बाबा रात्री टॅक्सी चालवून आले की आई म्हणायची, तुझ्यासाठी करतायत. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मला आता परत जायचं नाहीये. माझं इथे आहे. पण ते ओझं माझ्या दप्तरात कुणी घातलं ते मला माहीत आहे.

टोरेन्सकाठ

बाळा, एकही चूक नाही. तुझा परिच्छेद बापूंनी छापून भिंतीवर लावावा. आमचं कायमचं २०२५ मध्ये झालं आणि मुलाची बारावी यंदा आहे, म्हणून आम्ही वाचलो. त्यात माझी हुशारी नव्हती, तो तुझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाला एवढंच.

बापू, तुमचं सगळ्यात अवघड आहे, कारण पिस्टनचं तुम्ही खरंच बोललात. दोन गोष्टी बघा. कंपनीने बोलावलेल्या तात्पुरत्या व्हिसाला वयाची अट नाही, पण पुढे कायमचं होताना काही अपवाद सोडले तर पुन्हा ४५ आडवं येतं. आणि म्हातारपणाचं गणित मांडा: सरकारी पेन्शन ६७ नंतर, तेही साधारण दहा वर्षं राहिल्यावर आणि तुमची मिळकत-मालमत्ता तपासून. मालक पगाराच्या १२ टक्के निवृत्तिनिधीत घालतो, पण तुमच्या खात्यात तो विशीपासून साठलेला नसतो, पंचेचाळिशीपासून साठायला लागतो. पुण्यातला फ्लॅट विकू नका.

भोसरीचा_बापू

फ्लॅटवर अजून सहा वर्षांचे हप्ते आहेत. मुलगी नववीत. पोरीच्या प्रतिसादानंतर कॅलेंडर काढून बसलो. तिचं आणि माझं गणित एकाच महिन्यात अडकतंय.

टोरेन्सकाठची_बायको

यांच्याच खात्यावरून लिहायला लागले होते, मग वेगळं उघडलं.

यांनी माझ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, त्या खऱ्या आहेत. पण त्या यांच्या बाजूने लिहिल्यात. साडेसात दोनदा आले, तिसऱ्यांदा मी बसलेच नाही, कारण परीक्षेची फी आणि यांची रात्रपाळी दोन्ही एकाच महिन्यात आली आणि मीच म्हटलं, राहू दे. ते "राहू दे" मला अजून टोचतं. शाळेत माझ्या हाताखाली प्रयोगशाळा होती. पिपेट धरायला शिकवलेली मुलं आता डॉक्टर आहेत, दिवाळीला मेसेज येतात.

आणि तरीही मी यांच्या विरुद्ध मत देणार. वाढदिवस नसता तर हे पुण्यात बसून पुढची दहा वर्षं "गेलो असतो तर" म्हणत राहिले असते आणि त्या घरात मला राहायचं नव्हतं. इथे यांनी पहिल्यांदा घरात भाजी केली. गोदामातून सकाळी सहाला यायचे, मी साडेसहाला निघायचे, मधला अर्धा तास आम्ही ओट्याशी उभं राहून चहा प्यायचो. वीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं बोललो नव्हतो. मी परत परीक्षेला बसणार आहे. मे महिन्याची तारीख घेतली आहे, यांना हे वाचूनच कळेल.

बापू भाऊजी, तुमच्या वहिनी काय म्हणतात ते या सगळ्यात कुठेच आलेलं नाही. त्या काय करतात?

भोसरीचा_बापू

शिवणाचा क्लास घेते, घरीच, १४ जणी येतात. दोन पिकोची मशिनं तिच्या पैशांनी घेतलेली. विचारलं नाहीये अजून, म्हणजे असं समोर बसून नाही. सातला शेवटची बॅच सुटते. आज हा धागा तिला वाचून दाखवतो, पहिल्यापासून.