पेरू, कडुनिंब, तुळस आणि स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स: कोऱ्या वेललाही झोन येतोय, काय चुकतंय?

पानफुटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. पेरू, कडुनिंब आणि तुळशीच्या पानांच्या अर्काचा, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सवर काय परिणाम होतो ते बघायचं आहे. कल्चर (वाढवलेले जंतू) चंदीगडहून मागवलेलं, तिथल्या जंतुसंग्रहातला क्रमांक एमटीसीसी ८९०.

पानं दोन दिवस उन्हात वाळवून मिक्सरमध्ये दळली. १० ग्रॅम भुकटी १०० मि.ली. ९५% इथेनॉलमध्ये २४ तास ठेवली, गाळली, वॉटर बाथवर निम्मी होईपर्यंत आटवली. तेच द्रावण ८ मि.मी.च्या वेलमध्ये (अगारमध्ये पाडलेला गोल खड्डा) १०० मायक्रोलिटर. दुसरा अर्क नुसता पाण्यात उकळून. जंतू वाढवायचं माध्यम साधा म्युलर-हिंटन अगार, ३७ अंश, २४ तास, नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये.

निकाल (झोनचा, म्हणजे वेलभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास): पेरू १७ मि.मी., तुळस १५, कडुनिंब १४, तुलनेसाठी क्लोरहेक्सिडीन (माउथवॉशमधलं जंतुनाशक, ०.२%) १९. पाण्याच्या अर्कांना शून्य. आणि ज्या वेलमध्ये फक्त इथेनॉल होतं तिथेही १३! वाढ इतकी विरळ आहे की झोनची कड कुठे संपते तेच कळत नाही.

प्रश्न तीन. (१) सगळ्यांतून १३ वजा करून चालेल का? (२) "पेरूचा अर्क क्लोरहेक्सिडीनच्या जवळपास प्रभावी" असं लिहू का? (३) कॉलेजच्या प्रदर्शनात पेरूच्या पानांच्या माउथवॉशची बाटली ठेवायची आहे, प्रमाण काय घेऊ?

---

अगारवाला

(१) नाही चालणार. झोनचा व्यास म्हणजे रुपये-पैसे नव्हेत, वजाबाकी करून शिल्लक काढायला. इथेनॉल आणि अर्क एकत्र असताना एकाने दुसऱ्याला किती मदत केली ते त्या आकड्यात दिसत नाही. कोऱ्या वेलला झोन आला की ती अख्खी प्लेट बाद.

मूळ दोष आटवण्यात आहे. निम्मं आटवलं तरी उरलेल्यात अल्कोहोल भरपूर असतो आणि तोच जंतू मारतो. शिवाय वेलमध्ये नेमके किती मि.ग्रॅ. गेले हे तुम्हालाही सांगता येणार नाही. असं करा:

१० ग्रॅम भुकटीला १०० मि.ली. ७०% इथेनॉल. ९५% ने हरितद्रव्य आणि मेण जास्त उतरतं, पॉलिफेनॉल कमी. झाकण लावून ४८ ते ७२ तास, दिवसातून तीन-चारदा हलवत. आधी मलमलीतून, मग व्हॉटमन नं. १ फिल्टर पेपरमधून गाळा. आधी वजन केलेल्या काचेच्या बशीत ४०-४५ अंशांवर पूर्ण सुकवा, दोन वजनं लागोपाठ सारखी येईपर्यंत. रोटरी इव्हॅपोरेटर असेल तर उत्तमच. १० ग्रॅममागे साधारण १ ते २ ग्रॅम चिकट अर्क मिळतो. तो आकडा अहवालात हवाच.

आता १ ग्रॅम अर्क आधी २ मि.ली. शुद्ध डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड, हा द्रावक) पूर्ण विरघळवा, मग थेंब थेंब निर्जंतुक पाणी घालत १० मि.ली. करा. उलटं केलंत, म्हणजे आधी पाणी, तर गुठळ्या होतात आणि त्या परत सुटत नाहीत. हा झाला १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. साठा, २०% डीएमएसओमध्ये. साका राहिलाच तर ५००० आरपीएमला १० मिनिटं फिरवून वरचं घ्या, पण तळाचा साका सुकवून तोला आणि तेवढे मि.ग्रॅ. वजा करा. (इथली वजाबाकी चालते.) निर्जंतुकीकरण ०.२२ मायक्रॉनच्या नायलॉन सिरिंज फिल्टरने. ऑटोक्लेव्ह करू नका, तुळशीतलं युजेनॉल त्यातच उडून जाईल. कोऱ्या वेलमध्ये आता इथेनॉल नाही, २०% डीएमएसओच घालायचं.

विरळ वाढीचं कारण वेगळं. म्युटन्सला साधा म्युलर-हिंटन पुरत नाही. पुस्तकं ५% मेंढीचं रक्त घालायला सांगतात, पण पेरूच्या टॅनिनमुळे (पानातलं तुरट द्रव्य) वेलभोवती रक्त तपकिरी पडतं आणि नवशिक्याला तोच झोन वाटतो. त्यापेक्षा ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगार घ्या. साखर मात्र घालू नका. सुक्रोज मिळालं की हा जंतू ग्लुकान बनवतो आणि वाढ डिंकासारखी होते. प्लेट कँडल जारमध्ये ठेवा: घट्ट झाकणाचा डबा, आत ओला कापूस, बिनवासाची पांढरी मेणबत्ती. ती विझेपर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एवढा पुरतो. २४ तासांनी बघा, वाढ कमी वाटली तर ४८.

९० मि.मी.च्या प्लेटमध्ये मोजून २५ मि.ली. अगार ओता म्हणजे थर ४ मि.मी.चा होतो. पातळ थरावर झोन फुगतात. जंतूंचं द्रावण गढूळपणाच्या मापाने ०.५ मॅकफार्लंड, म्हणजे मि.ली.ला सुमारे १५ कोटी पेशी. स्वॅब तीन दिशांनी फिरवा आणि १५ मिनिटांच्या आत वेल पाडा. वेलच्या तळाला वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडून तळ बंद करा. नाहीतर अर्क अगारखालून पसरतो आणि झोन लंबगोल, एका बाजूला ओघळलेला येतो.

कल्चर उघडल्यावर कॅटलेज चाचणी (जंतूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब) केली होती का? बुडबुडे आले तर ते म्युटन्स नाही, स्टॅफिलोकॉकससारखा दुसरा जंतू शिरलाय.

---

रानवाट

पानांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अर्ध्या प्रकल्पांत पानच चुकीचं असतं.

कडुनिंब म्हणून बकाण निंब तोडून आणणं ही नेहमीची गफलत. रस्त्याकडेला दोन्ही असतात. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं: एक शीर, तिच्या दोन्ही बाजूंना करवतीच्या दातांसारख्या कडांची पर्णिका, आणि पर्णिकेचा बुंधा तिरका. बकाणाचं पान दोन-तीनदा विभागलेलं, मुख्य शिरेला फाटे आणि फाट्यांवर पर्णिका. बकाण विषारी आहे, तोंडात घालायच्या गोष्टीत ही चूक परवडत नाही. कढीनिंब तर तिसरंच झाड. तुळशीच्या बाबतीत सब्जा आणि रानतुळस या दोघी बहिणी गोंधळ घालतात.

म्हणून फुला-फळासकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियम पत्रक करा आणि ओळख पटवून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे.

ऊन नको. सावलीत, वाऱ्यावर, एका थरात, सात ते दहा दिवस, पान चुरगळल्यावर कुरकुर वाजेपर्यंत. उन्हात तुळशीचा वास जातो म्हणजे काम करणारा मालच जातो. पाण्यात उकळलेल्या तुळशीचं शून्य त्यामुळेही असू शकेल. मिक्सर सलग चालवला की भांडं तापतं, १५-२० सेकंद फिरवून थांबा. पेरूची कोवळी आणि जून पानं मिसळू नका, दोघांतलं टॅनिनचं प्रमाण वेगळं असतं. कुठली घेतली, कुठल्या महिन्यात, तेही लिहा.

---

शून्य_मिमी

(२) अजिबात लिहू नका.

साधा हिशोब करा. ०.२% क्लोरहेक्सिडीन म्हणजे २ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. १०० मायक्रोलिटरमध्ये ०.२ मि.ग्रॅ. अगारवाल्यांच्या पद्धतीने केलेल्या अर्काचे १०० मायक्रोलिटर म्हणजे १० मि.ग्रॅ. पन्नासपट माल घालून झोन तुमच्याइतकाच, दोन मि.मी.ने कमी, आला असं धरा. याला जवळपास म्हणत नाहीत.

दुसरी बाजूही आहे. झोन सांगतो पदार्थ अगारमधून किती लांब सरकला ते, किती मारक आहे ते नव्हे. क्लोरहेक्सिडीन धनभारित असल्याने अगारला चिकटतं आणि त्याचा झोन त्याच्या ताकदीपेक्षा लहान दिसतो. पेरूचे मोठे टॅनिनही नीट सरकत नाहीत. म्हणजे ही शर्यत दोन्ही पायांत बेड्या घालून चालली आहे, निकाल कशाचा लावणार? अगारवरचा झोन "काहीतरी आहे" एवढं सांगायला पुरे. तुलना करायची तर किमान रोधक सांद्रता (वाढ रोखणारं सर्वांत कमी प्रमाण), म्हणजे एमआयसी काढा.

९६ वेलची प्लेट. एका ओळीत १ ते १० नंबरला १०० मायक्रोलिटर ब्रेन हार्ट ब्रॉथ. पहिल्यात १०० मायक्रोलिटर साठा घालून ढवळा, त्यातले १०० दुसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत, शेवटचे १०० टाकून द्या. मग प्रत्येकात १०० मायक्रोलिटर जंतू. त्यासाठी ०.५ मॅकफार्लंड १५० पट पातळ केलं की मि.ली.ला १० लाख होतात आणि वेलमध्ये निम्मे, ५ लाख. पहिल्या वेलमध्ये अर्क २५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली., दहाव्यात ०.०५ च्या जरा खाली. ११ नंबरला फक्त ब्रॉथ आणि जंतू, १२ ला नुसता ब्रॉथ. एक अख्खी ओळ डीएमएसओची, त्याच पायऱ्यांनी. पहिल्या वेलमध्ये ते ५% असतं, तिथे वाढ खुंटली तर अर्काचा तो वेल धरायचा नाही.

क्लोरहेक्सिडीनची ओळ ६४ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली.च्या साठ्यापासून सुरू करा (०.२% चे ०.३२ मि.ली., एकूण १० मि.ली.). दुकानातलं माउथवॉश नको, त्यात बाकीच्या गोष्टीही असतात. शुद्ध डायग्लुकोनेटचं २०% द्रावण शंभरपट पातळ करून घ्या. त्याची रोधक सांद्रता काही मायक्रोग्रॅमवर येईल आणि पानांची मि.ग्रॅ. मध्ये. पोस्टरवर ते दोन आकडे शेजारी ठेवले की विशेषण लागणार नाही.

---

पानफुटी

बाप रे, खूप आभार. कडुनिंब परत बघते, फांदी ठेवलेली नाही.

एक शंका: पेरूचा अर्क गडद तपकिरी आहे. पहिल्या चार-पाच वेलमध्ये गढूळपणा दिसणारच नाही. रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की बदलणारा रंग) घालू का? आणि माझ्याकडे यापुढे फक्त २० प्लेटांचं माध्यम उरलं आहे.

---

शून्य_मिमी

घाला, पण सांभाळून. ०.०१५% द्रावणाचे ३० मायक्रोलिटर, २४ तासांच्या वाढीनंतर, मग दोनेक तास. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे. गोम अशी की पॉलिफेनॉल स्वतःच क्षपणकारक असतात, जंतूविनाही रंग बदलू शकतात. म्हणून अर्क, ब्रॉथ आणि रंग, जंतू वगळून, अशी एक ओळ पाहिजे. ती गुलाबी झाली तर रेझाझुरिन विसरा आणि प्रत्येक वेलमधले १० मायक्रोलिटर कोऱ्या अगारवर ठिपक्यासारखे ठेवा. जिथे काहीच उगवत नाही ती किमान मारक सांद्रता. हे तसंही करायचंच आहे.

२० प्लेटा पुरतात. एका प्लेटवर पाच वेल: तीन अर्क, क्लोरहेक्सिडीन, डीएमएसओ. रोज तीन प्लेटा, तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी ताजं कल्चर. झाल्या ९. एकाच दिवशी नऊ केल्या तर ती नऊ निरीक्षणं नव्हेत, एकाच चुकीच्या नऊ प्रती. ठिपक्यांसाठी दर अर्काला एक प्लेट, दहा कप्पे आखून, तीन वेळा: अजून ९. उरलेल्या दोन कल्चरची शुद्धता आणि अर्काची निर्जंतुकता तपासायला.

---

दाढदुखी (दंतवैद्यक)

(३) बद्दल. प्रयोगशाळेतला अर्क कुणाच्याही तोंडात जाता कामा नये, त्यात डीएमएसओ आहे. बाटली ठेवायची तर "फक्त पाहण्यासाठी" असं ठळक लिहून, बूच चिकटवून ठेवा.

घरगुती काढा वेगळा. २० ग्रॅम ताजी पेरूची पानं धुऊन, तुकडे करून, २०० मि.ली. पाण्यात मंद आचेवर १५ मिनिटं, स्टीलच्या भांड्यात. लोखंडी कढईत टॅनिन लोहाशी संयोग पावून काढा शाईसारखा काळा होतो. गाळून दीडशे मि.ली. राहतो. ताज्या पानात निम्म्याहून जास्त पाणी असतं हे धरलं तर त्यात मि.ली.मागे ५ ते १० मि.ग्रॅ. अर्क पडत असेल. तुमची एमआयसी आली की या आकड्याशी ताडून बघा. त्यात परिरक्षक नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायचा, उरला तर मोरीत. रोज वापरला तर टॅनिनचे डाग दातांवर बसतात. (डाग क्लोरहेक्सिडीनचेही पडतात, म्हणून तेही महिनोन्‌महिने वापरायचं नसतं.)

पण एमआयसीमध्ये जंतू अर्कात २४ तास बुडालेला असतो. चूळ ३० सेकंदांची, तीही लाळेत पातळ होणारी, आणि दातावरचा जंतू ग्लुकानच्या चिकट थरात दडून बसलेला. वेळ असेल तर ३० सेकंद, १ मिनिट आणि ५ मिनिटांची टाइम-किल चाचणी करा. ठरलेल्या वेळी नमुना ३% ट्वीन ८० आणि ०.३% लेसिथिन असलेल्या द्रवात टाकून औषधाचा परिणाम तोडायचा. तो टप्पा गाळला तर अर्क प्लेटवर जाऊनही मारत राहतो आणि ३० सेकंदांचा निकाल खोटाच चांगला येतो.

प्रदर्शनात लोक विचारतीलच म्हणून: कोणत्याही पानाने टार्टर विरघळत नाही, ते खनिज झालेलं असतं, खरवडूनच निघतं. हिरड्यांच्या आजारातले पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू ऑक्सिजनमध्ये जगत नाहीत, त्यामुळे म्युटन्सवरचा निकाल पायरियाला लावू नका. किडीसाठी १००० पीपीएम किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, काढा तिच्याऐवजी नाही. लहान मुलांना चूळ थुंकता येत नसेल तर काढा देऊ नका, आणि कडुनिंबाचं तेल तर त्यांच्या तोंडाजवळही नको, तान्ह्या मुलांना त्याने गंभीर विषबाधा झालेली आहे. गरोदर बाईनेही कडुनिंब पोटात घेऊ नये.

अवांतर: विड्याच्या पानाबद्दल कुणीतरी विचारणारच. त्यातलं हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल जंतुरोधक आहे हे खरं, पण ते नुसत्या पानापुरतं. सुपारी घातली की हिशोब बदलतो, तंबाखू नसली तरी ती कर्करोगकारक ठरलेली आहे.

---

अगारवाला

काम झालं की सगळ्या प्लेटा १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका, ९६ वेलची प्लेटसुद्धा. ती धुऊन परत वापरायचा मोह होतो. प्लॅस्टिकला चिकटलेलं क्लोरहेक्सिडीन साध्या धुण्याने जात नाही आणि पुढच्या वेळी डीएमएसओच्या ओळीतही वाढ बंद होते.