नोकरी गेली, घरी अजून सांगितलं नाहीये

चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होतो, सात वर्षं. मागच्या महिन्यात एचआरने बोलावून राजीनामा लिहून घेतला. बायकोला माहितीये पण आईबाबांना नाही, म्हणून रोज डबा घेऊन निघतो आणि लायब्ररीत बसतो, तिथे सगळी एमपीएससीवाली पोरं, त्यात मी एकटा चाळिशीचा. रात्री झोप नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं. कोणी यातून गेलंय का?

सह्याद्रीवेडा: आधी तो डबा बंद कर राव. आईला कळलेलं असतं रे, ती फक्त विचारत नाहीये.

मीनलताई: भाऊ, पाच वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी मिळते, राजीनामा दिला असला तरी. नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, दिली नसेल तर मेलवर लेखी मागा. कंपनीचा मेडिक्लेम पण बंद झाला असेल, आईबाबा त्यातच असतील तर ते पहिलं बघा. आणि झोपेचं अंगावर काढू नका, १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्रीपण लागतो, मराठीत बोलतात.

पिंपरीकर: जुन्या व्हेंडर लोकांना फोन कर, लाज सोड. मला तिथूनच काम मिळालं, पगार कमी होता पण घराबाहेर पडायला कारण झालं.

मूळ प्रश्नकर्ता: ग्रॅच्युइटीचं डोक्यातच नव्हतं, मेल टाकतो. बाबांशी रविवारी बोलतो, आईचं बघू.