चर्चच्या आवारातला रेडवूड: ठेवावा की पाडावा?

खारूताई
इंग्लंडमधल्या आमच्या खेड्यात सध्या दुसरा विषयच नाही. चर्चच्या आवारात दोन जायंट रेडवूड आहेत, म्हणजे कॅलिफोर्नियातले ते सूचिपर्णी महावृक्ष. त्यातल्या एकाच्या मुळांनी थडग्यांचे दगड उचललेत, एक दगड तर पार कलंडलाय. ते झाड पाडावं का, यावर शनिवारी सभा आहे.

इथे या झाडाला वेलिंग्टोनिया म्हणतात. १८५३ मध्ये झाडं-बिया गोळा करणाऱ्या विल्यम लॉबने कॅलिफोर्नियाहून बी आणलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आदल्याच वर्षी वारला होता, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडलेने त्याचंच नाव झाडाला चिकटवलं. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा वेलस्ली! तरीही माझं मत: झाड राहू द्या.

पारावरचा
पाडा. दफनभूमी माणसांची आहे. चर्चच्या आवारात शोभतं ते यू, इथलं सदाहरित झाड. व्हिक्टोरियन हौशी लोकांनी नवलाई म्हणून हे लावलं, पुढे त्याचं काय होणार याचा विचार न करता. याची मुळं खोल जात नाहीत, आडवी लांबवर पसरतात. आज दगड, उद्या कुंपणाची भिंत, परवा चर्चचा पाया.

रानवाट
अहो, कॅलिफोर्नियात काय झालंय ते बघा की! २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत तिथले १३ ते १९ टक्के मोठे वृक्ष गेले, असा तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा अंदाज आहे. तिकडे ८० हजारांहून कमी उरलेत आणि ब्रिटनमध्ये, जवळच्या जातीचे कोस्ट रेडवूड धरून, अंदाजे पाच लाख! जात वाचवायची तर ही झाडं मोलाची आहेत.

पारावरचा
हा तर माझाच मुद्दा झाला. पाच लाख आहेत ना? मग एक गेलं तर जात बुडत नाही. शिवाय इथे त्याची रोपं आपसूक फारशी उगवत नाहीत म्हणा. तिकडे आगीच्या धगीने बियांचे शंकू उघडतात, राखेत बी रुजतं. इथे आग कोण लावणार, चर्चचा पाद्री?

खारूताई
😄 मुळांचं मान्य. पण त्या झाडाजवळ एकदा उभे राहा. साल तांबूस आणि इतकी मऊ, की मूठ मारली तर लागत नाही, आतल्या आत दबते. आमच्याकडे पोरं शाळा सुटली की बुक्के मारतात, म्हणून कमरेच्या उंचीवर तिला काळपट चकाकी आलीय. त्याच सालीत ट्रीक्रीपर नावाचा चिमुकला पक्षी अंड्याच्या आकाराची खोबण कोरून थंडीत झोपतो. मी टॉर्च घेऊन पाहिलंय, बाहेर फक्त पाठीची पिसं दिसतात.

नाना_पुणेकर
पक्षी यूवर जाईल. आमच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला तेव्हा 'देवाचं झाड' म्हणत सगळे गप्प बसले. भिंत पडली तेव्हा देव आला नाही.

रानवाट
नाना, पिंपळ भिंतीत होता, हे जमिनीत आहे. पंचवीस-तीस वर्षांनी वाड्याची बिल्डिंग होईल हो, १६०-७० वर्षांचं झाड परत कसं आणणार? हजारो वर्षं जगणाऱ्या जातीत ते अजून पोर आहे.

पारावरचा
पोर आहे हीच तर भीती. आत्ताच एवढं, तर पुढे काय?

खारूताई
झाडांच्या जाणकाराने सुचवलंय की दगड चार-पाच फूट सरकवावेत आणि मुळांभोवतीची माती तुडवली जाऊ नये म्हणून लाकडाचा भुगा पसरावा. झाड पाडायचं तरी डायोसिसची, म्हणजे बिशपच्या कचेरीची परवानगी हवी, ते काम काही एका शनिवारचं नाही.

पारावरचा
दगड सरकेल. खाली जो झोपलाय त्याचं काय?

खारूताई
तो एव्हाना झाडात गेला असेल.

पारावरचा
हे सभेत बोलू नका म्हणजे मिळवलं. त्याची पणती पहिल्या रांगेत बसणार.