मदत हवी आहे: लॅमेला उभ्या राहत नाहीत

नमस्कार मंडळी, ब्लॉक कोपॉलिमरच्या (दोन वेगळ्या पॉलिमरच्या साखळ्या टोकाला जोडून बनलेल्या पदार्थाच्या) फिल्मवर कोणी काम केलंय का? मी सिलिकॉन वेफरवर पॉलिस्टायरीन-पीएमएमएचे (दुसरा ब्लॉक म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक) उभे पट्टे, म्हणजे लॅमेला, बसवायचा प्रयत्न करतेय. दोन्ही ब्लॉक निम्मे-निम्मे, आवर्तन (पट्ट्यांच्या एका जोडीची रुंदी) सुमारे ४८ नॅनोमीटर, फिल्मची जाडीही साधारण तेवढीच.

खाली हायड्रॉक्सिल टोकाच्या रँडम कोपॉलिमरचा (त्याच दोन घटकांची सरमिसळ साखळी) ब्रश, म्हणजे वेफरला एका टोकाने चिकटलेल्या साखळ्यांचा पातळ थर, आहे. तो रात्रभर १६० अंशांवर व्हॅक्यूममध्ये ठेवून टोल्युइनने धुतला. मग स्पिन कोटिंग (वेफर गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणं) आणि २३० अंशांवर तापवून अ‍ॅनीलिंग.

तुकड्याच्या कडेला बोटाच्या ठशासारखी सुंदर नक्षी येते, पाहून जीव हरखतो! मधे मात्र नुसती बेटं आणि खळगे. एएफएममध्ये (पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) त्यांच्या उंचीतला फरक जवळपास एका आवर्तनाएवढा, म्हणजे तिथे थर आडवेच झोपलेत. पीएमएमएला वेफरवरचा सिलिकॉनचा ऑक्साइड जवळचा; ब्रशने तो नीट झाकला नाही तर थर आडवे पडतात, त्यामुळे मला ब्रशचाच संशय येतोय.

ब्रश विरळ बसला असेल का? धुतल्यानंतर त्याची जाडी तुम्ही किती ठेवता? की ब्रशमधलं स्टायरीनचं प्रमाणच बदलून बघू? फिल्मची जाडी बदलूनही पाहायचीय, पण वेफरचे तुकडे थोडेच उरलेत. आधी कशाला हात घालू, तेवढं सांगा.